हॅनफर्डच्या टाक्या आणि त्यांची काच: एका जुन्या प्रयोगशाळावाल्याचा अभिप्राय

विहिरीच्या पाण्याचा नमुना घेताना आम्ही वजन बांधलेली बाटली दोरीने खाली सोडायचो, ठरावीक खोलीवर झटका देऊन बूच उघडायचो आणि बुडबुडे थांबले की बाटली वर ओढायचो. पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीची सगळी वर्षे काढल्यावर, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे किरणोत्सारी कचऱ्याच्या टाक्यांतूनही द्रवाचा नमुना जवळपास याच पद्धतीने काढतात आणि तिथले कामगार तिला ‘दोरीवरची बाटली’ असेच म्हणतात, हे वाचले तेव्हा मी चष्मा पुसून तो परिच्छेद पुन्हा वाचला. फरक एवढाच की आमची बाटली आम्ही पिशवीत टाकून एसटीने आणत असू, आणि तिथली बाटली वर येताच जाड धातूच्या भांड्यात बंद होऊन प्रयोगशाळेकडे निघते, कारण ती उघडी हाताळणे धोक्याचे असते.

माझी मुलगी हॅनफर्डच्या दाराशी असलेल्या रिचलंड गावात राहते. तिच्याकडे झालेल्या तीन मुक्कामांत मी या टाक्यांतील कचरा उपसून, तपासून त्याची काच करण्याच्या, म्हणजे तो वितळलेल्या काचेत कायमचा अडकवण्याच्या, कामाविषयी जे जाहीर कागद मिळाले ते वाचले आणि जे पाहू देतात ते पाहिले. बी रिअॅक्टर या तिथल्या जुन्या अणुभट्टीची विनामूल्य बससहल केली, कोलंबिया नदीकाठचे रीच संग्रहालय पाहिले. टाक्यांच्या आवारात मात्र सामान्य माणसाला प्रवेश नाही आणि तो नसावा हेच योग्य आहे. या सेवेचे पैसे अमेरिकी करदाता भरतो आणि तिचे बरेवाईट फळ नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या, म्हणजे सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षमळेवाल्यांच्या, यकामा आणि युमाटिला या मूळनिवासी लोकांच्या, आणि आता माझ्या नातवंडांच्या पदरात पडणार आहे. तेव्हा अभिप्राय देण्याचा थोडा अधिकार मलाही आहे, असे मी धरून चालतो.

आधी कच्च्या मालाविषयी लिहिले पाहिजे, कारण इतका वाईट कच्चा माल कोणत्याही कारखान्याच्या वाट्याला आला नसेल. १९४४ पासून युरेनियमच्या कांड्या अणुभट्टीत भाजून, आम्लात विरघळवून त्यांतून अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम काढण्याचे काम इथे चालले आणि मागे उरलेले आम्लधर्मी, कमालीचे किरणोत्सारी द्रावण जमिनीखालच्या टाक्यांत सोडले गेले. टाक्या साध्या पोलादाच्या होत्या. आम्लाने त्या लवकरच खाल्ल्या गेल्या असत्या, म्हणून द्रावणात कॉस्टिक सोडा ओतून ते अल्कधर्मी केले. त्या एका निर्णयाने कचऱ्याचे आकारमान वाढले, बहुतेक धातू गाळ होऊन तळाला बसले, वर सोडियमच्या नायट्रेट आणि नायट्राइटचा मिठासारखा थर जमला आणि त्यावर वा त्यात मुरलेले खारे द्रावण उरले. अशा एकूण १७७ टाक्या आहेत. त्यांपैकी १४९ एकपदरी आणि २८ दुपदरी असून त्यांत मिळून सुमारे ५ कोटी ६० लाख गॅलन, म्हणजे २१ कोटी लिटरच्या आसपास, कचरा आहे. एकपदरी टाक्यांतील ६७ कधी ना कधी गळल्या असे धरले जाते आणि गळतीचा जाहीर अंदाज दहा लाख गॅलनांचा आहे. बी-१०९ ही टाकी गळत असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणजे हा विषय इतिहासजमा झालेला नाही.

खरी अडचण मात्र किरणोत्साराहून वेगळी आहे, आणि माझ्यासारख्याला ती चटकन कळते. चार दशकांत प्लुटोनियम काढण्याची पद्धत दोनदा बदलली, प्रत्येक पद्धतीची रसायने वेगळी होती, एका टाकीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत द्रव वाहू दिला गेला, मध्येच सीझियम आणि स्ट्राँशियम वेगळे काढून उरलेले परत ओतले, बाष्पीभवन करून घट्ट केले. कोणत्या टाकीत काय आहे याची नोंदवही आहे, पण त्या नोंदीवर विसंबून काही करायला जाणे म्हणजे आजीच्या लोणच्याच्या बरणीवरील जुन्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्यासारखे आहे. एसवाय-१०१ या टाकीने तर दर काही महिन्यांनी ढेकर द्यायला सुरुवात केली होती: गाळात हायड्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड साठायचे, साठलेला थर एकदम उलटायचा आणि ज्वलनशील वायू वर यायचा. १९९३ मध्ये तिच्यात ढवळणारा पंप बसवून तो वायू थोडा थोडा सुटत राहील अशी सोय केली, तेव्हा ती शांत झाली. एका टाकीच्या ढेकरामागचे रसायन उलगडण्यात हुशार माणसांची वर्षे गेली, आणि टाक्या १७७.

म्हणून या सेवेतील नमुना घेणे आणि तपासणे या भागाला मी पाचपैकी चांगले गुण देतो. द्रवासाठी बाटली चालते. गाळ आणि मीठ यांच्यासाठी टाकीच्या छतातील अरुंद नळीतून पोकळ सळई खाली दाबतात किंवा फिरवत नेतात आणि एक इंच जाड, १९ इंच लांब असे तुकडे एकामागून एक काढतात. हे तुकडे २२२-एस नावाच्या प्रयोगशाळेत जातात. १९५१ पासून चालू असलेल्या या इमारतीत जाड भिंतींच्या बंदिस्त खोल्या, म्हणजे हॉट सेल, आहेत. बाहेर उभा असलेला विश्लेषक फूटभराहून जाड काचेतून आत पाहतो आणि यांत्रिक हातांनी काम करतो. नळीतला तुकडा दट्ट्याने हळूहळू तबकात ढकलला जातो, तेव्हा त्याचे छायाचित्र घेतात आणि रंग व पोत शब्दांत लिहून ठेवतात: पिवळसर, ओलसर, आकार धरणारा, किंवा करडा, मिठाच्या खड्यांचा, भुसभुशीत. इतकी यंत्रे हाताशी असूनही पहिली नोंद डोळ्यांनी पाहिलेल्याची करतात, हे मला फार आवडले. आमच्याकडे नवीन मुले नमुन्याचा रंग आणि वास न लिहिता थेट यंत्राकडे धावत, आणि त्यांना परत पाठवावे लागे.

त्यानंतर नमुना एकजीव करतात, त्यातला चिमूटभर भाग विरघळवतात आणि इतका पातळ करतात की तो साध्या फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, हाताळता येईल. मग नेहमीच्या परीक्षा होतात: प्लाझ्मा तंत्राने धातू, आयन क्रोमॅटोग्राफीने नायट्रेट, सल्फेट, क्लोराइड, गॅमा वर्णपटाने सीझियम-१३७, वेगळे काढून मोजलेले स्ट्राँशियम-९० आणि टेक्नेशियम-९९, आणि पाणी किती ते वाळवून. या यादीत सल्फेट पाहून कोणी नाक मुरडेल, कारण ते किरणोत्सारी नाही. पण काच करताना सल्फेट ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की ते काचेत मुरत नाही, वितळलेल्या काचेवर क्षारांचा वेगळा तवंग धरते आणि भट्टीच्या अस्तराला व इलेक्ट्रोडला खाऊ लागते. कोणती टाकी आधी उपसायची, कोणती कोणात मिसळायची आणि शेवटी काचेचे किती डबे भरतील हे बऱ्याच अंशी सोडियम आणि सल्फेट यांचे आकडे ठरवतात.

इथे अर्धा गुण मी कापला आहे, आणि त्याचे कारण गणिताचे आहे. मोठ्या एकपदरी टाकीचा व्यास ७५ फूट, म्हणजे २३ मीटर. एक इंचाच्या सळईने काढलेला उभा तुकडा त्या टाकीच्या तळाच्या सुमारे आठ लाखांव्या भागाची गोष्ट सांगतो. छताला नळ्या जिथे आहेत तिथूनच सळई घालता येते, त्यामुळे जागाही आपल्या मर्जीची नसते. दोन ठिकाणचे तुकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर चूक कोणाची, तुकड्याची की टाकीची, हे सांगता येत नाही. विश्लेषक कितीही काटेकोर असला तरी नमुना त्या टाकीचा प्रतिनिधी नसेल तर दशांश चिन्हापुढचे आकडे केवळ शोभेचे.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. सध्या जे चालते त्याचा पहिला टप्पा टाकीच्या शेजारीच उभारलेला आहे आणि तो जानेवारी २०२२ पासून सुरू आहे. द्रावण गाळून घेतात आणि स्फटिकी सिलिकोटायटॅनेट या पदार्थाने भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून सोडतात. पाणी मृदू करणाऱ्या घरगुती यंत्रातील रेझिनचा हा दूरचा नातेवाईक आहे, पण त्याची निवड विलक्षण आहे: सोडियमने तुडुंब भरलेल्या द्रावणातून तो नेमके सीझियम पकडतो. सोडियमच्या गर्दीत एखादा दुर्मीळ आयन वेचणे किती कठीण असते हे ज्याने रेझिन भरले-धुतले आहे त्यालाच ठाऊक. सीझियम गेले की उरलेले द्रावण ‘कमी क्रियाशील’, म्हणजे कमी किरणोत्सारी, गटात येते, आणि त्याला हाताळायला हॉट सेलसारख्या जाड भिंतींचा कारखाना लागत नाही.

हे द्रावण मग काचेच्या कारखान्यात जाते. तिथे ३०० टनांच्या दोन भट्ट्या आहेत. इथली काच आगीने वितळत नाही. वितळलेल्या काचेतूनच वीज वाहते आणि तिच्या रोधाने उष्णता निर्माण होऊन तापमान ११५० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. गार काच विजेला वाट देत नाही, म्हणून सुरुवातीला वेगळ्या हीटरनी भट्टी तापवावी लागते, आणि तेच काम अवघड गेले: ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली भट्टी तापवायला घेतली आणि ते मध्येच थांबवावे लागले, पुढच्या वर्षी ती तापली. खऱ्या कचऱ्याची काच ऑक्टोबर २०२५ मध्ये होऊ लागली. द्रावणात वाळू, बोरिक आम्ल, जस्त आणि झिर्कोनियमची खनिजे मिसळतात आणि त्याबरोबर साखरही घालतात. नातवाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, मग ती काच गोड लागते का?” लागत नाही, साखर जळून जाते. नायट्रेटचे ऑक्सिजन तिने आपल्याकडे घेतले नाहीत तर भट्टीत फेस चढतो. साखर जास्त झाली तर काच उलट्या दिशेला बिघडते. ती किती घालायची हे पुन्हा प्रयोगशाळेच्या नायट्रेटच्या आकड्यावर ठरते. चुलीवर पाक करणाऱ्या बाईला हे जास्त लवकर समजावे.

काच स्टीलच्या डब्यांत ओततात. डबा चार फूट रुंद, सात फूट उंच आणि भरल्यावर सात टनांहून जड असतो. मुलीच्या ओळखीच्या एका काचतज्ज्ञ बाईंनी निर्धोक रसायने घालून केलेल्या तशाच काचेचा खडा मला हातात दिला. लिंबाएवढा, काळा, कडेला प्रकाशासमोर धरला तर गडद तपकिरी, जिथे तुटला होता तिथे शंखासारख्या वळ्या. नखाने खरवडला, काही झाले नाही. पण काच टिकेल की नाही हे नखाने ठरत नाही. तिची ठरलेली परीक्षा अशी: काच कुटून बारीक चाळणीने ठरावीक आकाराची पूड वेगळी काढायची, धुऊन ९० अंशांच्या पाण्यात सात दिवस ठेवायची आणि पाण्यात बोरॉन, सोडियम, सिलिकॉन किती उतरले ते मोजायचे. मी ही परीक्षा कधी केलेली नाही, पण पाण्याच्या बाटलीत काच किती उतरते हे पाहण्याचा आमचाही जुना धंदा होता, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास बसतो. सात दिवसांवरून हजारो वर्षांचा अंदाज बांधणे ही मात्र गणिती प्रतिमानाची करामत आहे, आणि तिथे मी गप्प बसतो.

मालाचा एक दोष लपवण्यासारखा नाही. टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे, ते पाण्याबरोबर सहज वाहते आणि ११५० अंशांना त्याचा मोठा भाग काचेत न राहता धुराबरोबर उडतो. धूर धुऊन तो पुन्हा भट्टीत आणावा लागतो. आयोडीन-१२९ आणखी चंचल, आणि त्याचे अर्धायुष्य दीड कोटी वर्षांचे. काचेच्या भोवतीची ही धुराची व्यवस्था कागदावर इतकी जागा व्यापते की काच हा या कारखान्याचा दुय्यम उद्योग वाटावा.

वेळ आणि पैसा या दोन विषयांत सेवा सपशेल नापास आहे. १९८९ च्या त्रिपक्षीय करारात, म्हणजे ऊर्जा विभाग, पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्य यांच्या करारात, काच करण्याचा आरंभ १९९९ ला धरला होता. २००० मध्ये कारखान्याचा अंदाज ४.३ अब्ज डॉलर होता, २०१६ पर्यंत तो १६.८ अब्जांवर गेला. संपूर्ण जागेच्या स्वच्छतेचा उरलेला खर्च २०१९ च्या सरकारी अंदाजात ३२३ ते ६७७ अब्ज डॉलर असा, म्हणजे दुपटीच्या फरकाने, दिला होता. दुपटीचा फरक असलेल्या आकड्याला आमच्या प्रयोगशाळेत अंदाज म्हणत नसत, नमुना परत पाठवत असत. बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले तेव्हा आराखडा पुरा झालेला नव्हता. सगळा कचरा आधी जिथे वेगळा करायचा ती सर्वांत मोठी इमारत २०१२ मध्ये अर्धवट थांबली, कारण बंद भांड्यांत हायड्रोजन साठेल का, जड कण तळाला बसून प्लुटोनियम एकत्र येईल का, नळ्या झिजतील का, ढवळणारी यंत्रणा पुरेल का, या प्रश्नांची उत्तरे पक्की नव्हती. हे चारही प्रश्न कचरा नक्की कसा आहे यावर अवलंबून आहेत. गाळाच्या कणांचा आकार, घनता आणि घट्टपणा आधी पुरेसा तपासला असता तर सिमेंट ओतण्यापूर्वी ते विचारले गेले असते. आज जी काच होते ती त्या इमारतीला वळसा घालून होते, आणि अतिक्रियाशील गाळाची काच करण्याची न्यायालयीन मुदत २०३३ ची आहे.

तुलना केल्याशिवाय अभिप्राय पुरा होत नाही. दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना रिव्हर येथे गाळाची काच १९९६ पासून होते आणि चार हजारांहून अधिक डबे भरून झाले आहेत. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट व्हॅलीने २००२ पर्यंत २७५ डब्यांत आपले काम आटोपले. तिथल्या टाक्या कमी आणि कचऱ्याची घराणी थोडी, त्यामुळे तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. आपल्याकडे तारापूर आणि तुर्भे येथे असा कचरा सुरुवातीपासून आम्लधर्मीच ठेवून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत साठवला, म्हणून गाळ आणि मीठ यांचा हा संसार उभाच राहिला नाही. मात्र सल्फेटने तिथेही छळले: तुर्भ्याच्या कचऱ्यात ते जास्त असल्याने साध्या बोरोसिलिकेट काचेऐवजी बेरियम असलेली काच निवडावी लागली. तुर्भ्याने कचऱ्यातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या आणि त्या रक्त निर्जंतुक करण्याच्या नव्हे, तर रक्तातील लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी निकामी करण्याच्या रुग्णालयीन यंत्रांत वापरल्या जातात. हॅनफर्डच्या टाक्यांतून आज निघणाऱ्या सीझियमला असे भाग्य अजून लाभलेले नाही.

रिचलंडमध्ये कोणत्याही चहाच्या टेबलावर ग्राउटचा वाद निघतो. कमी क्रियाशील द्रावण सिमेंट, राख आणि भट्टीची मळी यांच्यात कालवून दगडासारखे घट्ट करायचे. भट्टी नको, धूर नको, खर्च कमी. सव्हाना रिव्हरला हे होतेच. विरोधकांचे म्हणणे असे की सिमेंटातून नायट्रेट आणि टेक्नेशियम काचेपेक्षा लवकर झिरपतात. २०१७ मध्ये हॅनफर्डच्या अवघ्या तीन गॅलन द्रावणावर प्रयोग झाला. आता पश्चिमेकडील २२ टाक्यांतील कमी क्रियाशील कचरा ग्राउट करून राज्याबाहेर पुरण्याचे ठरले आहे. मला हे पटते, पण राज्याबाहेरच, या अटीवर; कोलंबियाच्या भूजलावर तो प्रयोग नको.

एका बाबतीत मात्र पूर्ण गुण. टाक्यांची माहिती, कोणत्या टाकीत किती गाळ, किती द्रव, कधी कोणता नमुना घेतला आणि त्यात काय निघाले, हे सगळे फीनिक्स नावाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी मुलीच्या स्वयंपाकघरात बसून एका टाकीचा नायट्राइटचा आकडा शोधून काढला. आपल्या गावच्या पाण्याचा आकडा मिळवायला मला याहून जास्त खेटे घालावे लागले आहेत.

उरली ती सीझियमची नळकांडी. भरली की ती बदलतात आणि टाक्यांजवळच्या काँक्रीटच्या ओट्यावर, जाड आवरणात, ओळीने उभी करून ठेवतात. त्यांच्यातील सीझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मे होते. काचेचे डबे जिथे जायचे ती पुरण्याची जागा शेजारीच तयार आहे. या नळकांड्यांची अंतिम जागा ठरलेली नाही, आणि अतिक्रियाशील काचेसाठी देशात एकही भूगर्भीय कोठार चालू नाही, कारण नेवाडातील युक्का पर्वताचा बेत २०१० च्या सुमारास गुंडाळला गेला. प्रक्रियेसाठी राखून ठेवलेला पाचवा गुण मी त्या ओट्यावर ठेवला आहे.